सुकामेवा आधी, चॉकलेट नंतर

चॉकलेट आणि सुकामेव्याचे बार घरी करताना अक्रोड आणि त्याच्यासारखाच अमेरिकी सुकामेवा पेकान हे वरून घालायचे जिन्नस समजले जातात. आवडले तर घाला, नाहीतर राहू द्या. जुन्या कृती वाचल्या तर क्रम नेमका उलटा दिसतो.

अमेरिकेतल्या पाककलेच्या शिक्षिका फॅनी फार्मर यांचं 'द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' १८९६ साली निघालं. त्यात 'ब्राउनी' नावाची कृती आहे, पण तिच्यात चॉकलेटचा कणही नाही. लोणी, पिठीसाखर आणि काकवी प्रत्येकी एक तृतीयांश कप, एक अंडं, कपाला थोडं कमी पीठ आणि चिरलेले पेकान मात्र कपभर. म्हणजे पदार्थ पेकानचाच, बाकी सगळं त्याला धरून ठेवण्यापुरतं. भाजायचं तेही एका ट्रेमध्ये नाही, तर छोट्या उथळ साच्यांत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर अर्धा पेकान बसवून. आज जिला ब्लाँडी, म्हणजे बिनचॉकलेटची ब्राउनी, म्हणतात, तिचं मूळ मला इथेच दिसतं.

एवढे पेकान सहज मिळावेत यामागेही एक माणूस आहे, आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. रानातल्या पेकानच्या झाडांची फळं एकासारखी एक नसत. कुठे कवच जाड, कुठे गर चिमूटभर. लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावर आंत्वान नावाचा गुलाम माळी होता. त्याने १८४०च्या दशकात चांगल्या झाडाच्या फांद्यांची कलमं बांधून पातळ कवचाचं, भरघोस गराचं वाण वाढवून दाखवलं. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या वाणाचा गौरव झाला आणि त्याला 'सेंटेनिअल' हे नाव मिळालं. पेकानची व्यापारी लागवड ज्या कलमांवर उभी राहिली, त्यांची सुरुवात त्याच्या हातून झाली.

चॉकलेटला पिठात शिरायला वेळ लागला, कारण शेकडो वर्षं ते प्यायचीच वस्तू होती. १८२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हान हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून वेगळं काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याजोगी चॉकलेटची वडी साच्यात ओतली. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या डॉर्चेस्टरला १७६५ पासून कोको दळला जात होता. तिथल्याच बेकर कंपनीचं बिनसाखरेचं चॉकलेट पुढे घरोघरी पोचलं. तरीही बराच काळ ते केकच्या आत कमी आणि वरच्या लेपात जास्त असायचं.

१९०६च्या सुधारित आवृत्तीत फार्मर यांच्या ब्राउनीत बेकरच्या चॉकलेटचे दोन चौकोनी तुकडे आले. सोबत कपभर साखर, पाव कप वितळलेलं लोणी, एक न फेटलेलं अंडं, अर्धा कप पीठ, अर्धा कप अक्रोड आणि थोडा व्हॅनिला. बेकिंग पावडर नाही. कुणीतरी केकमध्ये ती घालायला विसरलं आणि ब्राउनी जन्मली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण इथे विसरण्याचा प्रश्नच दिसत नाही, कृती बसकीच ठेवलेली आहे.

मला या कृतीत चॉकलेटइतकंच महत्त्वाचं वाटतं ते भांडं. छोटे साचे गेले आणि सात इंची चौकोनी टिन आला, आत मेणकागद लावलेला. मंद आचेवर भाजा, बाहेर काढल्याबरोबर उलटा करा, कागद सोडवा आणि धारदार सुरीने पट्ट्या कापा. नाहीतर कागद चिकटून बसेल आणि नीट तुकडे पडणार नाहीत, अशी ताकीदही आहे. ही ताकीद कागद ओढताना केकचा तळ गमावलेल्या बाईचीच असणार. डझनभर साच्यांना लोणी फासायचं काम एका कागदाने वाचवलं, आणि बार हा घरचा पदार्थ झाला तो या सोयीमुळे.

पुढच्याच वर्षी चॉकलेट विकणाऱ्या लाउनी कंपनीचं पाकपुस्तक आलं. त्यातल्या ब्राउनीत चॉकलेट, साखर, पीठ आणि सुकामेवा जवळपास तेवढाच, पण लोणी आणि अंडी दुप्पट. आतून ओलसर, दाताला चिकटणारा बार इथून पुढे रुळला.

शिकागोचं पामर हाउस हॉटेल या पदार्थाचा मान १८९३कडे नेतं. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी बर्था पामर यांनी स्त्रियांच्या जेवणाच्या डब्यात ठेवता येईल असं गोड मागितलं आणि आचाऱ्यांनी अक्रोड घालून, वर जर्दाळूचा लेप देऊन चॉकलेटचा तुकडा केला, असं हॉटेल सांगतं. असेलही. पण घराघरांत पदार्थ पोचतो तो मापं लिहिलेल्या कृतीने, आणि काठाशी सपाट केलेल्या कप-चमच्याची मापं रुजवण्याचं मोठं श्रेय फार्मर यांचंच.

तेव्हाच्या बहुतेक ओव्हनना तापमानाचा काटा नव्हता. आत हात धरून किंवा कागद किती तांबूस होतो ते बघून आच ओळखत. इंग्लंडमध्ये आच आपोआप राखणारा 'रेग्युलो' १९२३चा. उंच केक अशा अंदाजाच्या आचेवर फुगण्याऐवजी सहज खाली बसतो. बार मुळातच बसका; मधोमध जरा कच्चा राहिला तरी कुणी नाव ठेवत नाही.

नंतरच्या वाटा भराभर फुटल्या. १९३०च्या दशकाच्या शेवटी रूथ वेकफिल्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनमध्ये चॉकलेटची वडी फोडून कुकीच्या पिठात घातली, सुकामेव्यासह. त्यातून चॉकलेट चिप्स आल्या, आणि तेच पीठ ट्रेमध्ये थापून वड्या पाडणं ओघानेच आलं. कॅनडातल्या नानाइमोच्या हॉस्पिटलसाठी काम करणाऱ्या स्त्रियांच्या १९५२च्या पाकपुस्तकात तर न भाजता थरांनी लावायचा बार आहे, तळाच्या थरात अक्रोड आणि नारळ असलेला.

सुकामेवा एवढा टिकला तो नुसत्या सवयीने नाही. कोको आणि सुकामेवा दोन्ही भाजल्यावर त्यांत पायराझिन गटातली सुगंधी द्रव्यं तयार होतात, म्हणून वास एकमेकांत मिसळतात. अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा साखरेची गोडी आवरतो, आणि एवढ्या दाट, मऊ गोळ्यात दाताला लागायला काहीतरी हवंच असतं. फक्त अक्रोड-पेकानच्या तेलाला खवट वास लवकर येतो. तेव्हा आधी एक चावून बघावा, कोरडाच थोडा भाजून पूर्ण गार करावा आणि मगच मिश्रणात घालावा. खवट अक्रोडाची चव कितीही चॉकलेट घातलं तरी झाकली जात नाही.