स्टुकाची किंकाळी इंजिनाची नव्हती

सिनेमात कुठलंही विमान कोसळू लागलं की तीच चढत जाणारी किंकाळी. त्यामुळे सूर मारणारं विमान मुळातच असं ओरडतं, हा समज पक्का झालाय. तो खोटा आहे. तो आवाज दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘स्टुका’चा (सूर मारून बॉम्ब टाकणारं युंकर्स ८७ विमान), आणि तोही मुद्दाम बसवलेल्या भोंग्याचा. चाकाच्या दांड्याच्या पुढच्या कडेला सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा छोटा पंखा असे, वाऱ्याने फिरणारा. विमान खाली झेपावलं की वेग वाढे, तसा आवाज चढे. खालच्यांची गाळण उडवणं, एवढंच त्याचं काम.

पण भोंग्यामुळेच फौजा पळाल्या, हेही अर्धसत्य. १३ मे १९४० ला जर्मन हल्ल्यात फ्रान्समधल्या सेदानजवळ फ्रेंच तोफची तोफा सोडून गेले खरे. मात्र त्यामागे तासन्‌तास चाललेला बॉम्बवर्षाव होता आणि ‘रणगाडे आले’ ही अफवाही. (जर्मन रणगाड्यांनी तेव्हा तिथली म्यूज नदी ओलांडलीच नव्हती!)

शिवाय भोंगा महागात पडे. हवेचा अडथळा वाढून वेग ताशी २०-२५ किलोमीटरने घटे. स्टुका आधीच संथ, शत्रूच्या लढाऊ विमानांना आयतीच शिकार. म्हणून पुढे बऱ्याच विमानांवरून भोंगे गेले आणि बॉम्बच्या शेपटीलाच शिट्ट्या लागल्या.