टर्बोसाठी कॉम्प्रेशन रेशो उतरवावाच लागतो का?

टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवायचा तर इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) ८:१ च्या आसपास उतरवलाच पाहिजे, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा नियम सरसकट खरा नाही. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोत तो ६.५:१ होता, कारण इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारे उपकरण) नसल्याने तापलेली हवा थेट सिलिंडरमध्ये शिरत असे आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याचा, धोका वाढे. नॉकिंग मात्र केवळ रेशोवर नव्हे, तर मिश्रणाचे तापमान व दाब, इंधनाचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) आणि स्पार्कची वेळ यांवरही ठरते. म्हणूनच इंटरकूलर, इंधन सिलिंडरमध्येच फवारून मिश्रण थंड करणारे थेट इंजेक्शन आणि नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर यांच्या बळावर माझदाचे २.५ लिटरचे टर्बो इंजिन १०.५:१ वर चालते. रेशो विनाकारण उतरवल्यास बूस्ट (टर्बोचा जादा दाब) येण्याआधीची ओढ आणि मायलेज दोन्ही घटतात, हे फारसे कोणी सांगत नाही. अर्थात, जुन्या इंजिनात काहीही न बदलता भरपूर बूस्ट देणे पिस्टनच्या जिवावर बेतते.