जिरॅनिऑल आणि ०.०१ टक्क्याचा घोळ

क्रीमच्या डबीवरच्या घटकांच्या यादीत अगदी शेवटाकडे 'जिरॅनिऑल' या सुगंधी द्रव्याचं नाव दिसतं. गुलाब, जिरॅनियम, सिट्रोनेला यांच्या तेलांत ते असतंच, पण भरभरून मिळतं ते तिखाडीच्या, म्हणजे रोशा गवताच्या तेलात. मोतिया जातीच्या चांगल्या तेलात ते पाऊण हिश्श्याच्याही वर भरतं. १८७१ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं, तेसुद्धा भारतातून गेलेल्या गवताच्या तेलातूनच.

त्या काळी खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडे निघणारं हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलला जायचं. तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. मिसळण्याआधी उथळ ताटल्यांत ओतून उन्हात ठेवत, म्हणजे रंग उतरे. हा उन्हाचा आणि हवेचा भाग लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद त्याच्याशीच येऊन भिडतो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस त्वचातज्ज्ञांनी सुगंधाची अ‍ॅलर्जी ओळखायला आठ पदार्थांचं एक मिश्रण ठरवलं. जिरॅनिऑल त्या आठांत होतं. पेट्रोलियम जेलीत कालवलेलं मिश्रण छोट्या चकतीत भरून पाठीवर चिकटवायचं, ४८ तास ठेवायचं, काढल्यावर आणि पुन्हा दोन दिवसांनी त्वचा बघायची. आजही पॅच टेस्ट अशीच होते. शुद्ध जिरॅनिऑलला या चाचणीत फार थोड्यांची त्वचा लाल होते. 'मग हे निरुपद्रवीच' हा उत्पादकांचा दावा तिथूनच आला.

खरा घोळ २००३ पासून सुरू झाला. तोवर बाटलीवर नुसतं 'परफ्यूम' लिहिलं की भागत असे. युरोपीय संघाने २६ सुगंधी पदार्थांची यादी केली आणि मार्च २००५ पासून ती नावं वेगळी छापणं बंधनकारक झालं. लावून ठेवायच्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याच्या वर पदार्थ असला, की नाव छापायचं. हे आकडे सुरक्षिततेची मर्यादा नव्हते. ज्याला आपली अ‍ॅलर्जी माहीत आहे त्याला डबी परत फडताळात ठेवता यावी, एवढाच त्यांचा हेतू. तरीही 'अ‍ॅलर्जेन' (अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ) या शब्दाचा अर्थ लोकांनी 'विषारी' असा लावला आणि कित्येकांनी 'नैसर्गिक' लिहिलेल्या साबणांकडे मोर्चा वळवला. पण त्या साबणातलं जिरॅनिऑल गवतातून आलं काय किंवा कारखान्यातून, रेणू तोच. कायद्यालाही तो सारखाच, त्वचेलाही.

२०१२ साली युरोपच्या शास्त्रीय समितीने बारा पदार्थ विशेष चिंतेचे म्हणून वेगळे काढले. त्यांत जिरॅनिऑल होतं आणि सुचवलेली कमाल मर्यादा होती ०.०१ टक्के. तोच आकडा, पण अर्थ पार वेगळा. आधीचा आकडा 'इथून वर नाव छापा' सांगत होता, हा 'इथून वर वापरूच नका' सांगत होता. हिशेब केला की फरक कळतो. शंभर ग्रॅम क्रीममध्ये ०.०१ टक्के म्हणजे दहा मिलिग्रॅम. तिखाडी तेलाचा अर्धा थेंब टाकला तरी जवळपास तेवढं जिरॅनिऑल पडतं. गुलाबाच्या अस्सल तेलावरही हीच कुऱ्हाड आली असती, त्यामुळे अत्तरवाले खवळले. मला त्यांची भीती समजते. तरी समितीचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. हवा लागली की जिरॅनिऑल ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, आणि त्यातून सिट्रल व हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. त्वचेवर जास्त तडाखा देतात ते हे पदार्थ. जुनी चाचणी शुद्ध पदार्थाची होती, माणसं मात्र महिनोन्महिने उघडझाप केलेली बाटली वापरतात. ऑक्सिडाइझ झालेलं जिरॅनिऑल पाठीवर लावून पाहिलं तेव्हा जास्त जणांना प्रतिक्रिया आली.

ती मर्यादा आजतागायत लागू झालेली नाही. २०१७ मध्ये बंदी आली ती तीनच पदार्थांवर: एक कृत्रिम सुगंध आणि ओकमॉस या दगडफुलाच्या जातीतल्या अर्कात सापडणारे दोन रेणू. बाकीच्यांसाठी २०२३ मध्ये यादीच वाढवली गेली, २६ वरून ऐंशीच्या वर. आता त्यात गुलाब, चमेली, चंदन आणि गवती चहाची तेलंही आहेत. हवेत किंवा त्वचेत गेल्यावर अ‍ॅलर्जेन बनणारे पदार्थही अ‍ॅलर्जेनच धरायचे, हे त्या नियमाने मान्य केलं. नव्या उत्पादनांना ३१ जुलै २०२६ पर्यंत मुदत आहे, दुकानात आधीपासून असलेल्यांना ३१ जुलै २०२८ पर्यंत. बाटली उघडून किती दिवस झाले, हे मात्र यादीतल्या कुठल्याच नावावरून कळत नाही.