फाशांचा आवाज आणि खेळणाऱ्याचा हात

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ३४व्या सूक्तात एक जुगारी बोलतो. आता खेळायचं नाही, असं तो मनाशी ठरवतो. पण पटावर टाकलेल्या तपकिरी फाशांचा आवाज कानावर येतो आणि त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. हे फासे म्हणजे बेहड्याची फळं. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह छापलेल्या ऋग्वेदात हे सूक्त जरूर वाचावं. आवाजाची ओढ इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितली असेल.

पुढे बराच काळ जुगारात निदान थांबणं तरी होतं. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात घोडे धावतात, तेव्हा दोन शर्यतींच्या मध्ये चहा प्यायला, खिसा चाचपायला वेळ मिळतो. मटक्याचा आकडाही ओपन आणि क्लोज असा दोनदाच फुटायचा. यंत्राने ही उसंत काढून घेतली. १८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने तीन चक्रांचं ‘लिबर्टी बेल’ यंत्र बनवलं. दांडा ओढला की काही सेकंदांत निकाल! जिंकलं की नाणी खणखणत पडत. पुढे यंत्रं इलेक्ट्रॉनिक झाली, नाणी गेली. खणखणाट मात्र स्पीकरमधून वाजत राहिला.

पार्श्वसंगीताचा परिणाम दुकानांतही मोजला गेला होता. १९८२ साली रोनाल्ड मिलिमन यांनी अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटच्या अभ्यासातून दाखवलं की संथ संगीत लावलं की गिऱ्हाईक रेंगाळतं आणि खरेदी वाढते. जुगारात वेगळंच दिसलं. २००७ साली डिक्सन, ट्रिग आणि ग्रिफिथ्स यांनी ६० जणांना संगणकावर रूलेट, म्हणजे फिरत्या चक्रावर गोळी कुठे थांबेल यावर पैसे लावायचा खेळ, खेळायला दिला. जलद संगीत चालू असताना डाव भराभर लागले. डावाची रक्कम वाढली नाही, एकूण खर्चही नाही. संगीताने माणूस उधळ्या होतो, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तरी मला वेगाचीच धास्ती वाटते. प्रत्येक डावात चालकाचा वाटा ठरलेला असतो, त्यामुळे तासाभरात डाव जितके जास्त, तितकी खेळणाऱ्याची झीज जास्त.

कॅसिनोंना परवाने देण्याची तरतूद असलेला महाराष्ट्राचा १९७६चा कायदा कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. पुणेकराला कॅसिनोसाठी गोवा गाठावा लागे. मोबाइलने ते अंतरही पुसलं. ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या बसमध्ये शेजारचा मुलगा मोबाइलवर चक्रं फिरवत होता. दहा रुपये लावले, चार परत आले, आणि फोन सनईचौघडा वाजवावा तसा वाजला. सहा रुपये गेले होते. मुलगा हसत होता. मागच्या बाईंनी ‘आवाज बंद कर रे बाळा’ म्हटलं. त्याने केला. मग अंगठा थोडा वेळ तसाच राहिला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर वरच्या कोपऱ्यातल्या शिल्लक रकमेकडे गेली.