ऑस्बॉर्ननंतरचं नेब्रास्का: नऊ विजयांची पार्श्वभूमी

१० जानेवारी २०२४ ला अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच निक सेबननी निवृत्ती जाहीर केली आणि ‘आता पुढे काय’ म्हणताच जो तो तिथल्याच जुन्या कोचचा, बेअर ब्रायंटचा दाखला देऊ लागला. साहजिक आहे. गाव तेच, मैदान तेच. ब्रायंट डिसेंबर १९८२ मध्ये थांबले आणि चारच आठवड्यांत गेले. त्यांच्या जागी आलेल्या कोचचा दुसराच सीझन ५–६ असा, म्हणजे ५ विजय आणि ६ पराभव, संपला. त्यानंतरच्या कोचने तीन वर्षांत २६ सामने जिंकले, पण राज्यातल्याच प्रतिस्पर्धी ऑबर्नकडून तीनही वेळा हरला. मधल्या काळात कुणीतरी त्याच्या ऑफिसच्या खिडकीतून वीट फेकली, तो किस्सा सगळ्यांना पाठ आहे.

पण या प्रश्नासाठी ब्रायंटचं उदाहरण तोकडं पडतं. माणूसच उरला नाही, त्यामुळे त्याच्या सावलीशी कुणाला प्रत्यक्ष व्यवहार करावा लागला नाही. त्यापेक्षा नेब्रास्का विद्यापीठाचा संघ पाहावा. तिथला दिग्गज कोच, टॉम ऑस्बॉर्न, निवृत्त झाला, राजकारणात गेला, परत आला, वरिष्ठ झाला आणि दुसऱ्यांदा निवृत्त झाला. पाव शतकात त्या संघाचं जे झालं ते या सगळ्या येण्याजाण्याला चिकटून आहे.

मागचं थोडक्यात. १९६२ मध्ये बॉब डेव्हनी कोच म्हणून लिंकनला, विद्यापीठाच्या गावी, आले तेव्हा संघ सहा वर्षं सलग तोट्यात होता, म्हणजे विजयांपेक्षा पराभव जास्त. अकरा सीझनमध्ये त्यांनी १०१ विजय आणि १९७०, १९७१ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९७३ मध्ये त्यांनी सूत्रं आपल्या हाताखालच्या टॉम ऑस्बॉर्नकडे दिली. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी: डेव्हनी कोच म्हणून थांबले, पण ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख, ते १९६७ पासून होते आणि १९९३ पर्यंत राहिले. म्हणजे नव्या कोचला काढण्याचा अधिकार ज्याच्या हातात, त्यानेच त्याला नेमलेलं.

हे छत्र किती मोलाचं होतं ते पहिल्या पाच वर्षांत दिसलं. कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाविरुद्ध ऑस्बॉर्न पाचही सामने हरले. सहाव्या वर्षी, १९७८ मध्ये, १७–१४ असा पहिला विजय मिळाला. त्याच हिवाळ्यात ते कोलोरॅडोची नोकरी घेता घेता राहिले. १९८४ च्या ऑरेंज बाउलमध्ये (बाउल म्हणजे नियमित सीझननंतरचा निमंत्रितांचा सामना) बरोबरीवर समाधान न मानता दोन गुणांसाठी गेले आणि मायामीकडून ३१–३० असं राष्ट्रीय विजेतेपद घालवलं. पहिलं विजेतेपद १९९४ मध्ये आलं, बाविसाव्या सीझनला. आजच्या हिशेबाने इतका वेळ कुणालाच मिळत नाही, आणि ज्या गावाने त्यांना तो दिला त्याच गावाने पुढच्या माणसाला सहा वर्षं दिली.

१० डिसेंबर १९९७ ला ऑस्बॉर्ननी निवृत्ती सांगितली. वय ६०, हृदयाचा त्रास. शेवटच्या पाच सीझनमध्ये ६० विजय, ३ पराभव. पंचवीस वर्षांत एकही सीझन नऊ विजयांच्या खाली नाही. निरोपाच्या सामन्यात टेनेसीला ४२–१७ ने हरवलं आणि मिशिगनबरोबर विजेतेपद वाटून घेतलं. याहून चांगला शेवट कुणी मागू नये, आणि नंतर येणाऱ्यासाठी याहून वाईट सुरुवात असू नये.

येणारे होते फ्रँक सोलिच. साठच्या दशकात डेव्हनींच्याच हाताखाली खेळलेले फुलबॅक, १९७९ पासून ऑस्बॉर्नचे सहायक. घरचाच माणूस. १९९८ मध्ये स्टेडियममधल्या मैदानाला ऑस्बॉर्नचं नाव दिलं गेलं, म्हणजे सोलिच कोच म्हणून पहिल्यांदा उतरले तेच आधीच्या कोचच्या नावाच्या मैदानावर. पहिला सीझन ९–४. दुसरा १२–१, कॉन्फरन्सचं (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं) विजेतेपद. मग १०–२. मग २००१ मध्ये ११–२, क्वार्टरबॅकला (चढाईची सूत्रं सांभाळणाऱ्या खेळाडूला) वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन पुरस्कार, आणि राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. खरं तर त्या सामन्याआधीच भिंतीला तडा गेला होता: कोलोरॅडोने ६२–३६ असा फोडला, आणि मग त्या सामन्यात, रोज बाउलमध्ये, मायामीने ३७–१४. कॉन्फरन्स न जिंकलेल्या संघाला तिथे पाठवणाऱ्या संगणकी क्रमवारीवर तेव्हा खूप शाई खर्च झाली. इथे तो विषय नाही.

विषय आहे ‘नऊ विजय’. नेब्रास्काबद्दल काहीही वाचा, हा शब्द येतोच, आणि तो दिसतो तितका सरळ नाही. १९६९ ते २००१ अशी सलग ३३ वर्षं संघाने किमान नऊ सामने जिंकले. पण सत्तरच्या दशकात नऊ विजय म्हणजे बहुधा अकरा नियमित सामने आणि एक बाउल, अशा बारांतले नऊ. २००२ मध्ये हाच संघ चौदा सामने खेळला, आणि ७–७ वर अडकला. २००६ पासून नियमित सामनेच बारा झाले, वर कॉन्फरन्सचा अंतिम सामना आणि बाउल. बारांतले नऊ आणि चौदांतले नऊ एकाच पट्टीने मोजले जातात, ही पहिली गंमत. दुसरी गंमत अशी की ही पट्टी लोकांनी दोन्ही बाजूंनी वापरली. ऑस्बॉर्नच्या काळात नऊ म्हणजे सातत्याचं प्रमाणपत्र. त्यांच्यानंतर नऊ म्हणजे ‘नऊच?’

२००३ मध्ये हे सगळं एका निर्णयात येऊन साचलं. ७–७ नंतर सोलिचनी स्वतःच हाताखालचा अर्धाअधिक ताफा बदलला. बचावाचा जो प्रमुख त्यांनी काढला त्याने पुढे नॉर्थ डकोटा स्टेटला खालच्या गटात सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली, हे जाता जाता. नव्या ताफ्याने सीझन ९–३ केला. पराभव मात्र जड होते: मिझुरीकडून ४१–२४, टेक्सासकडून ३१–७, आणि घरच्या मैदानावर कॅन्सस स्टेटकडून ३८–९. शेवटी कोलोरॅडोला त्यांच्या घरी ३१–२२ ने हरवलं. दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, सोलिचना काढलं.

निर्णय घेणारे ॲथलेटिक डायरेक्टर खुर्चीत येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. ज्यांच्या कारकिर्दीत सोलिच कोच झाले ते आधीचे डायरेक्टर डिसेंबर २००२ मध्ये टेक्सासमधल्या दुसऱ्या विद्यापीठात गेले होते. ऑस्बॉर्न तेव्हा वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात. म्हणजे डेव्हनींनी ऑस्बॉर्नवर धरलेल्या छत्रीसारखी छत्री सोलिचवर कुणाचीच उरली नव्हती. नव्या डायरेक्टरांचं म्हणणं असं की संघाला सामान्यपणात घसरू देणार नाही आणि कॉन्फरन्स ओक्लाहोमा-टेक्साससाठी सोडून देणार नाही. ते स्वतः नेब्रास्काचे, त्यामुळे बाहेरच्याने येऊन घर मोडलं असंही म्हणता येईना.

या निर्णयाच्या बाजूने बोलणारे आजही आहेत आणि त्यांचा मुद्दा हवेतला नाही. मोठे सामने मोठ्या फरकाने जात होते. संघात स्कॉलरशिपवर ठेवता येणाऱ्या खेळाडूंची मर्यादा १९७३ मधल्या १०५ वरून १९७८ मध्ये ९५ आणि १९९४ पर्यंत ८५ वर आली होती, त्यामुळे पूर्वीसारखी खेळाडूंची खोगीरभरती करून प्रतिस्पर्ध्याला दमवणं शक्य नव्हतं. १९९६ ला टेक्सासची विद्यापीठं कॉन्फरन्समध्ये आली आणि प्रवेशपात्रतेचे नियम कडक झाले, त्याचा फटका लिंकनला बसला. तेव्हा वीस लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या राज्यात स्थानिक मुलं किती मिळणार? त्यातली बरीचशी शेतीच्या गावांतून स्वखर्चाने येऊन संघात राहणारी ‘वॉक-ऑन’ मुलं. म्हणजे घसरण सुरू होती आणि ती सोलिचमुळेच होती असं नाही, हे खरं. पण तेवढ्यावरून त्यांना काढायचं तर पुढे कोण, याचं उत्तर तयार हवं होतं. ते नव्हतं. शोध ४१ दिवस चालला. वर्तमानपत्रांत नावं येत होती, जात होती. दरम्यान बचावाच्या नव्या प्रमुखाने हंगामी कोच म्हणून अलामो बाउल १७–३ ने जिंकला. त्यामुळे त्या वर्षी संघाची नोंद १०–३ आणि सोलिचची ९–३. कुठल्या बाजूने वाद घालायचा त्यावर लोक आकडा निवडतात.

९ जानेवारी २००४ ला आलेला कोच व्यावसायिक लीगमधून नुकताच काढलेला होता. त्याने ऑप्शन, म्हणजे चेंडू घेऊन धावण्यावर आधारलेली नेब्रास्काची जुनी पद्धत, मोडीत काढली आणि पासवरचा खेळ आणला. ऑप्शनसाठी निवडलेली, ऑप्शनसाठी वाढलेली मुलं एका उन्हाळ्यात दुसरंच काही शिकायला बसली. पहिल्या वर्षी टेक्सास टेककडून ७०–१०. ५–६ वर सीझन संपला, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा, आणि सलग ३५ वर्षांची बाउलची मालिका तुटली. माझ्या मते नुकसान पराभवांपेक्षा या तुटण्यात जास्त झालं. ज्या ऑप्शनने छोट्या राज्याच्या संघाला मोठ्यांपुढे उभं केलं होतं ती गेली, आणि पासच्या खेळात नेब्रास्का इतर पन्नास विद्यापीठांसारखंच एक विद्यापीठ झालं. २००७ मध्ये कॅन्ससने ७६–३९ ने धुतलं. त्याच सप्टेंबरात या कोचचा करार वाढवून दिला होता, ही खर्चाची बाजू वेगळीच.

ऑक्टोबर २००७ मध्ये डायरेक्टर गेले आणि त्यांच्या जागी कोण आलं? ऑस्बॉर्न. वय ७०. त्यांनी सीझन संपताच कोच बदलला आणि २००३ च्या त्या हंगामी कोचला परत बोलावलं. पुढची सात वर्षं विचित्र स्थिर गेली: दर सीझनला नऊ किंवा दहा विजय, दर सीझनला चार पराभव. मधे, २०११ ला, संघ नव्या कॉन्फरन्समध्ये गेला. तोही ऑस्बॉर्नच्याच कारकिर्दीतला निर्णय. जानेवारी २०१३ मध्ये ते दुसऱ्यांदा निवृत्त झाले. नवे डायरेक्टर आले. २०१४ चा नियमित सीझन ९–३ झाला, शेवटचा सामना आयोवाविरुद्ध जिंकला, आणि ३० नोव्हेंबरला कोचला काढलं.

तारखा पुन्हा वाचा. २९ नोव्हेंबर २००३, ३० नोव्हेंबर २०१४. दोन्ही वेळा ९–३, दोन्ही वेळा शेवटचा सामना जिंकलेला, दोन्ही वेळा पाठीराखा डायरेक्टर जाऊन दोन वर्षं उलटलेली नाहीत. ऑस्बॉर्न गेल्याचा परिणाम शोधायला सगळे १९९८ कडे पाहतात. कागदपत्रं या दोन नोव्हेंबरांकडे बोट दाखवतात.

त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या कोचने १९ जिंकले, १९ हरले. मग १९९७ च्या संघाचा क्वार्टरबॅकच कोच होऊन घरी आला, गाव हरखलं, आणि १६–३१ वर सप्टेंबर २०२२ मध्ये तोही गेला. त्याच्या २०२१ च्या सीझनमधले नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे होते. २०१६ नंतरचा पहिला बाउल थेट २०२४ मध्ये आला. स्टेडियम मात्र नोव्हेंबर १९६२ पासून एकदाही रिकामं राहिलेलं नाही, निदान तिकिटांच्या हिशेबात.

सोलिच ओहायो विद्यापीठात गेले, २००५ ते २०२० तिथे राहिले आणि त्या कॉन्फरन्सच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे कोच झाले. लिंकनने त्यांना सन्मानाने मैदानावर बोलावलं ते २०२३ च्या वसंतातल्या सराव सामन्याला.

अलाबामाकडे परत येऊ. सेबन गेले तेव्हा एक गोष्ट पूर्वीपेक्षा वेगळी होती: कोच बदलला की खेळाडूंना तीस दिवस दुसरीकडे जाण्याची मोकळीक. बचावातला सर्वांत चांगला मुलगा लगेच ओहायो स्टेटला गेला आणि वर्षभरात राष्ट्रीय विजेता झाला. ऑस्बॉर्न गेले तेव्हा लिंकनमधली मुलं जागची हलली नव्हती. नवा कोच मात्र अलाबामाने दोन दिवसांत नेमला, ४१ दिवस लागले नाहीत. नेमणारे ॲथलेटिक डायरेक्टर हे डेव्हनींनंतर २००२ पर्यंत लिंकनमध्ये डायरेक्टर असलेल्या गृहस्थांचे चिरंजीव. त्या नव्या कोचचा पहिला सीझन ९–४ असा संपला, सोलिचच्या पहिल्या सीझनसारखाच.