रस्त्याच्या कामातच पावसाळी गटार वाढवून घेण्यासाठी अर्ज कसा करावा: कोल्हापूर शहरातील रहिवाशांसाठी माहिती

आपल्या गल्लीतील रस्ता नव्याने होणार असेल, तर त्याच्या कडेचे पावसाळी गटार, म्हणजे आपण ज्याला चॅनेल म्हणतो ते, त्याच कामात वाढवून मिळावे अशी लेखी मागणी कोल्हापूर महानगरपालिकेकडे करता येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 मध्ये गटारे बांधणे व त्यांची देखभाल करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. त्यामुळे या मागणीत संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र अर्ज रस्त्याच्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी मिळण्यापूर्वी पोहोचला पाहिजे. निविदा निघाल्यानंतर नवी बाब घालणे अवघड असते, आणि रस्ता पूर्ण झाल्यावर दोषदायित्वाच्या कालावधीत, म्हणजे ठेकेदारावर दोष दुरुस्तीची जबाबदारी असते त्या मुदतीत, तो पुन्हा खोदायला कोणी सहजी तयार होत नाही. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असल्याने दिवाळीनंतर लगेच अर्ज देणे मला सर्वांत योग्य वाटते. तेव्हा पावसाळ्यातले अनुभवही ताजे असतात.

घरमालक, भाडेकरू, दुकानदार, गृहनिर्माण संस्था किंवा गल्लीतील तालीम मंडळ यांपैकी कोणीही अर्ज करू शकते. रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का, हे मात्र आधी पाहावे. खाजगी लेआउटमधील रस्ता हस्तांतरित झालेला नसेल, तर आधी हस्तांतरणाचा प्रश्न सोडवावा लागतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. तो गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी आपला भाग ज्याच्या हद्दीत येतो तेथील उपशहर अभियंत्यांच्या नावे द्यावा, एक प्रत शहर अभियंत्यांना द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी. सोबत घरफाळ्याच्या पावतीची किंवा वीजबिलाची छायाप्रत, रहिवाशांच्या सह्यांची यादी आणि प्रभागातील नगरसेवकांचे शिफारसपत्र मिळाल्यास तेही जोडावे.

परंतु अर्जाला खरे वजन येते ते हाताने काढलेल्या नकाशामुळे. पाणी कोणत्या चढावरून येते, गटाराच्या कोणत्या जाळीपाशी तुंबते, किती वेळाने ओसरते आणि कोणाच्या उंबऱ्याला लागते, हे बाणांनी दाखवावे आणि तारीख-वेळ असलेली छायाचित्रे त्याच क्रमाने लावावीत. जुन्या पेठांमध्ये डांबराचे थर एकावर एक चढत गेल्याने रस्ता उंच आणि उंबरा खाली अशी स्थिती अनेक घरांपुढे झाली आहे. अशा ठिकाणी उंबऱ्यापाशी मोजपट्टी धरून घेतलेले एक छायाचित्र पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगते. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये, ही मागणीही याच अर्जात स्पष्ट लिहावी.

गटाराची रुंदी आपण सुचवू नये. ते काम अभियंत्यांचे आहे. हिशेब कसा होतो, एवढे मात्र समजून घ्यावे. एक हेक्टर क्षेत्रावर तासाला 36 मिलिमीटर पाऊस पडला, तर दर सेकंदाला 100 लिटर पाणी खाली येते. पूर्वी त्यातले बरेचसे मोकळ्या जमिनीत मुरत असे. आता अंगणे आणि बोळ काँक्रीटचे झाल्याने बहुतेक पाणी थेट चॅनेलमध्ये उतरते. म्हणून जुने गटार केवळ साफ करून भागत नाही, आणि नव्याची क्षमता आजच्या बांधकामाचा विचार करून ठरवावी, असे अर्जात म्हणावे.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा की, हे पाणी शेवटी सोडणार कुठे? शहराच्या मोठ्या भागाचे पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जाते. राजाराम बंधाऱ्यापाशी नदी 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेली की धोका पातळी मानली जाते. नदी चढली की नाल्याचे पाणी पुढे सरकेनासे होते व उलट गल्ल्यांकडे फुगते. 2019 आणि 2021 च्या पुरांत शाहूपुरीतील कुंभार गल्लीने हे सोसले आहे. तेव्हा वरच्या गल्लीतले गटार मोठे केले आणि खालचा नाला तसाच राहिला, तर आपले पाणी शेजारच्या घरात जाईल. म्हणून पाणी कोणत्या नाल्यात, कोणत्या पातळीवर सोडणार याचा उल्लेख अंदाजपत्रकात असावा, अशी मागणी करावी. सांडपाण्याची ड्रेनेज लाइन या गटाराला जोडू नये, हेही लिहावे.

उत्तर न आल्यास महापालिकेच्या लोकशाही दिनात, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी ठेवलेल्या दिवशी, दाद मागता येते. तेथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, त्यामुळे सामूहिक निवेदनाऐवजी एका रहिवाशाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. काम मंजूर झाल्याचे कळल्यास माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अंदाजपत्रक, नकाशा व कार्यादेशाच्या (ठेकेदाराला काम सुरू करण्यासाठी दिलेल्या आदेशाच्या) प्रती मागाव्यात. शुल्क 10 रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा, आणि माहिती 30 दिवसांत मिळणे अपेक्षित असते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही.

अंदाजपत्रक व नकाशाच्या या प्रती हातात ठेवूनच काम पाहावे. डांबराचा शेवटचा थर पडण्यापूर्वी रस्त्याच्या मध्यापासून जाळीपर्यंत सुतळी ताणून उतार जाळीकडेच आहे ना, हे तपासावे, आणि जाळी रस्त्यापेक्षा वर राहत असेल तर त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्यांना लेखी कळवावे.