टरफलाआड नर की मादी?

अंडी देणाऱ्या जातींच्या पिल्लांत जवळपास निम्मे नर असतात. ते अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखे अंगानेही भरत नाहीत. म्हणून जन्माला आले त्याच दिवशी त्यांना मारून टाकतात. जगभरात वर्षाला अशी अब्जावधी पिल्ले मरतात. मला हे फार अस्वस्थ करते, कारण पिल्लू नर की मादी हे अंडे घालण्याआधीच ठरलेले असते.

माणसात हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, कोंबड्यांत आईकडून येणाऱ्या. नराकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात, मादीकडे एक ‘झेड’ आणि एक छोटे ‘डब्ल्यू’. अंड्याच्या आकारावरून ओळखण्याचे ठोकताळे पुष्कळ आहेत, पण भरवशाचा एकही नाही.

उबवणूक २१ दिवसांची. नवव्या दिवसापर्यंत भ्रूणाचे मूत्र एका पातळ पिशवीत साठू लागलेले असते, आणि तिथेच उत्तर सापडते. लेसरने टरफलाला मिलिमीटरहूनही बारीक भोक पाडायचे, थेंबभर द्रव घ्यायचा आणि त्यात मादीचे संप्रेरक तपासायचे. किंवा पीसीआर करून ‘डब्ल्यू’च्या खुणा शोधायच्या. भ्रूणाला धक्काही लागत नाही. जर्मनीत २०१८ साली या संप्रेरक-तपासणीतून निवडलेल्या कोंबड्यांची अंडी दुकानांत आली.

टरफल न भेदताही काम होते. तपकिरी अंड्यांच्या संकरित जातींत मादीची पिसे तपकिरी आणि नराची फिकट असतात. तेराव्या दिवशी अंड्यातून प्रकाश सोडला की हा रंगभेद कॅमेऱ्याला कळतो. पांढऱ्या अंड्यांच्या जातींत ही युक्ती चालत नाही. त्यांच्यासाठी एमआरआय आहे.

पण तेरावा दिवस म्हणजे उशीरच. भ्रूणाला वेदना कधीपासून होत असतील? जर्मनीत मेंदूतील विद्युत हालचाल मोजली, तेव्हा बाराव्या दिवसापर्यंत ती आढळली नाही, तेराव्या दिवसापासून दिसू लागली. नर पिल्ले मारण्यावर २०२२ पासून बंदी घालणाऱ्या या देशाने मग तपासणीची मर्यादाही बाराव्या दिवसापर्यंत आणली.

याहून आधी, चौथ्या दिवशीसुद्धा ओळखता येते. ‘झेड’ मोठे असल्याने नराच्या रक्तपेशींत डीएनए किंचित जास्त असतो, आणि रक्तवाहिन्यांवर टाकलेल्या अवरक्त प्रकाशातून तो फरक टिपता येतो. मात्र त्यासाठी टरफलाला खिडकी पाडून ती पुन्हा बंद करावी लागते, आणि त्यात काही निरोगी मादी भ्रूणेही दगावतात.